विधि-ग्रंथालय आणि आपला सातबारा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चिंचवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा "विधि महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा उपयोग" असे मी उत्तर दिले. ते ऐकून त्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटला, तो वर्णन करण्याचे धाडस मी करीत नाही. गुणगौरव, वधूवर-परिचय आणि सहभोजन यांसाठी जमलेल्या मंडळींपुढे ग्रंथालयाची कथा लावणे म्हणजे रसभंगच, असे त्यांस वाटले असल्यास त्यांचा दोष नाही. तथापि या सभागृहात बसलेल्यांपैकी असे घर क्वचितच असेल की ज्याच्या सातबाऱ्यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत कोणत्या ना कोणत्या संपादनाचा शेरा पडला नाही. म्हणून हा विषय मला ग्रंथांचा वाटत नाही, घराचा वाटतो.

आपल्या या पट्ट्याचा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६१ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम झाला व पुढील वर्षी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ते २०२१ साली विसर्जित होऊन त्याचा कारभार महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि महापालिका यांच्यात विभागला गेला. तिकडे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण गेल्या दोन-तीन दशकांत मोटारींचे गाव झाले. या सर्व उलाढालीत जमीन द्यावी लागली ती आपण. कारखाने आले, मुलांना नोकऱ्या लागल्या, हे मी नाकारीत नाही. मी स्वतः त्याच कारखानदारीच्या पगारावर शिकलो. परंतु जमीन देताना ज्या कागदावर आपण सही करीत होतो तो कागद कोणत्या कायद्याखालचा आहे, हे आपणांपैकी किती जणांनी विचारले?

माझ्या वडिलांनी विचारले नाही. आमची चार एकर जमीन १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली गेली. रक्कम घेण्याच्या दिवशी एका कार्यालयात कारकुनाने जेथे बोट ठेवले तेथे वडिलांनी सही केली. आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने त्याच रकान्यात सहीच्या वर "हरकत राखून" असे दोन शब्द लिहिले. त्यास ते कोणी सांगितले होते, हे मला आजवर कळलेले नाही. हरकत न राखता रक्कम स्वीकारणाऱ्यास वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली न्यायालयाकडे निर्देश मागता येत नाही, असे त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट लिहिलेले होते. शेजाऱ्याने मुदतीत अर्ज केला आणि काही वर्षांनी दिवाणी न्यायालयाने त्याची रक्कम वाढवून दिली. त्या वाढीत आमच्या धाकट्या भावाचे घर उभे राहिले असते.

पण खरी हळहळ वाटते ती त्यापुढील गोष्टीची. पुढील वर्षी मी नोकरी सांभाळून विधि शाखेत नाव घातले. दुसऱ्या पाळीला कामावर जावयाचे आणि सकाळी पुण्यास वर्गात बसावयाचे, असा तो क्रम होता. एके दिवशी मी ग्रंथालयात जाऊन "ज्यात जमिनीची नुकसानभरपाई आहे ते पुस्तक" मागितले. ग्रंथपाल वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पुस्तक दिले नाही. तीन प्रश्न विचारले. संपादन कोणत्या अधिनियमाखाली झाले? निवाड्याची तारीख कोणती? तुम्हांस नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे? तिन्ही प्रश्नांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, "प्रथम निवाड्याची नक्कल घेऊन या." ती वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली, सापडली.

दुसऱ्या खेपेस त्यांनी अधिनियमाची अद्ययावत प्रत काढली, एका पानात कागदाची पट्टी घातली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवले. "मी वकील नाही. हे कलम वाचा आणि तारखा तुम्हीच मोजा," एवढेच ते बोलले. ते कलम होते २८-अ, १९८४ च्या दुरुस्तीने घातलेले. एकाच अधिसूचनेखाली ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांपैकी एकास न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर ज्या इतरांनी निर्देशाचा अर्ज केलाच नव्हता त्यांनाही त्या निकालाच्या आधारे फेरनिश्चिती मागता येते. मात्र न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत. अज्ञानी आणि गरीब खातेदारांसाठीच ते कलम घातलेले होते. म्हणजे माझ्या वडिलांसाठीच. हरकत न राखता रक्कम घेणाऱ्यासही या कलमाचा लाभ मिळतो, हे पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हंसोली देवी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. मी तेथेच बसून महिने मोजले. शेजाऱ्याच्या निकालास दहा महिने झाले होते.

रात्री घरी जाऊन मी वडिलांस ते कलम मराठीत सांगितले. त्यांनी एकच प्रश्न केला, "हे सगळं छापलेलं होतं?" मी होय म्हणालो. त्यानंतर त्या जमिनीचा विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही.

असो. वैयक्तिक गोष्ट लांबली, क्षमा असावी. आता ग्रंथालयाकडे वळू.

विधि-ग्रंथालय म्हणजे कायद्याची जाडजूड पुस्तके रचून ठेवलेली खोली, अशी सर्वसाधारण समजूत असते. अधिनियमांची पुस्तके तेथे असतातच. पण कपाटांचा मोठा भाग व्यापलेला असतो तो न्यायनिर्णयांच्या खंडांनी. आपल्या उच्च न्यायालयाच्या निकालांची अधिकृत मालिका १८७६ पासूनची आहे. रतनलाल आणि धीरजलाल या जोडीचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ पासूनचा. आणि सबंध देश ज्याचा आधार घेतो तो 'ऑल इंडिया रिपोर्टर' १९१४ साली चितळे यांनी काढलेला, आपल्या नागपूरचा. पुण्यास इंडियन लॉ सोसायटीने १९२४ साली विधि महाविद्यालय सुरू केले. त्याचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनी मिताक्षरादी धर्मशास्त्रग्रंथ संपादून व भाषांतरित करून वकिलांच्या हाती दिले. न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे भारताचे दोन सरन्यायाधीश, तसेच यशवंतराव चव्हाण हेही त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. एवढा वारसा आपल्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

या खंडांत निकाल शोधावयाचा कसा? जमीन शोधताना आपण गाव, तालुका आणि गट क्रमांक सांगतो. निकालालाही तसाच पत्ता असतो. वर्ष, खंड, मालिकेचे नाव आणि पृष्ठ. उदाहरणार्थ, "(२०१४) ३ एससीसी १८३" याचा अर्थ २०१४ सालच्या 'सुप्रीम कोर्ट केसेस' या मालिकेचा तिसरा खंड, पृष्ठ १८३. हा पत्ता ज्यास वाचता आला त्यास कोणत्याही विधि-ग्रंथालयात अर्धा रस्ता मोकळा झाला म्हणून समजावे.

आता मी जे सांगणार आहे, त्यासाठीच आज उभा राहिलो आहे. नुसता सातबारा पाहून जमीन घेणारा माणूस आपल्यात शहाणा समजला जात नाही. तो फेरफार पाहतो. मूळ नोंदीनंतर काय घडले, वारस कोण लागले, बोजा कधी चढला, कधी उतरला, हे फेरफारावरून कळते. न्यायनिर्णयाचे अगदी तसेच आहे. निकाल सापडला म्हणून काम झाले नाही. त्याचा फेरफार पाहावा लागतो. पुढच्या न्यायपीठांनी तो अनुसरला, की त्यास बाजूस सारले, की रद्दच ठरवला? हे पाहण्याची साधने विधि-ग्रंथालयात असतात आणि ती वापरावयास शिकवणारा माणूसही तेथेच असतो.

आत्ताच दिलेला पत्ता मी उगाच निवडलेला नाही. तो निकाल आपल्याच पुण्याचा आहे. पुणे महापालिका विरुद्ध हरकचंद मिसिरीमल सोळंकी. वन-उद्यानासाठी सुमारे ४४ हेक्टर जमिनीचे संपादन होते. २००८ साली निवाडा झाला. रक्कम खातेदारांस मिळाली नाही, न्यायालयातही भरली गेली नाही, शासकीय कोषागारात पडून राहिली. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २४ च्या दुसऱ्या पोटकलमात असे आहे की, जुन्या कायद्याखालील निवाड्यास पाच अथवा अधिक वर्षे होऊनही प्रत्यक्ष ताबा घेतलेला नसेल "किंवा" मोबदला दिलेला नसेल, तर ते संपादन व्यपगत झाले असे मानावे. २४ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की कोषागारात रक्कम ठेवणे म्हणजे मोबदला देणे नव्हे. सबब संपादन व्यपगत झाले.

ही वार्ता वणव्यासारखी पसरली. आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा "हरकचंद" हे नाव ऐकू येऊ लागले. ज्यांच्या जमिनीवर कारखाने उभे राहून दशके लोटली होती, त्यांसही जमीन परत मिळण्याची स्वप्ने पडू लागली. देशभर शेकडो दावे दाखल झाले. आणि ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हरकचंदचा निर्णय रद्द ठरवला. कलमातील तो "किंवा" हा शब्द "आणि" अशा अर्थाने वाचावयाचा. म्हणजे ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच संपादन व्यपगत होते. न्यायालयात रक्कम भरली नाही एवढ्यावरून होत नाही, असे त्यांनी सांगितले.

घटनापीठाचा हा अन्वय मला स्वतःला रुचलेला नाही. विधिमंडळाने "किंवा" लिहिले असता तो "आणि" वाचावा, हे सामान्य माणसास पटवून देणे कठीण आहे. परंतु माझी रुची म्हणजे कायदा नव्हे. दुःखाची गोष्ट ही की आजही कोणीतरी पिशवीतून हरकचंदच्या निकालाची मळकट झेरॉक्स काढतो आणि "हे पहा, सुप्रीम कोर्टानेच म्हटले आहे" असे सांगतो. त्याच्या हातात सातबारा आहे, फेरफार नाही. अशा कागदाच्या भरवशावर तो पुन्हा वकिलाची फी भरतो, पुन्हा तारखा घेतो. ग्रंथालयातील अर्ध्या तासाने त्याची ती वर्षे वाचली असती.

दुसरे उदाहरण माता-भगिनींसाठी आहे. बंधूंनीही ते ऐकावे. मोबदल्याची रक्कम यावयाची झाली की आपल्या घरांतून बहिणींना सन्मानाने बोलावणे जाते, गोडाचे जेवण होते आणि हक्कसोडपत्र पुढे येते. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने, मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. २०१५ साली फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, त्या दिवशी पिता हयात असला पाहिजे. ज्यांचे वडील आधी वारले होते त्या मुलींना त्याच्या आधारे "तुझा हक्क नाही" असे सांगितले गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो निर्णय रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, पिता त्या दिवशी हयात असण्याची आवश्यकता नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडता येणार नाही. येथे फेरफार उलट्या दिशेने पडला आहे. एका प्रकरणात आशा गेली, दुसऱ्यात आली. आपली बहीण कोणत्या तारखेच्या कायद्यावर सही करीत आहे, हे तिला सांगणे भावाचे काम आहे, असे मी मानतो. या वाक्यावर काही मंडळींनी माना फिरवल्याचे मला दिसले. चालावयाचेच.

आता ग्रंथपालाच्या मर्यादेविषयी. संदर्भ-विभागातील व्यक्ती कलम कोठे आहे, निकाल कोठे आहे, शासकीय राजपत्र कसे शोधावे, संगणकावरील निर्णयसंग्रहात कोणते शब्द घालावेत, हे सांगेल. "माझा दावा टिकेल का?" हा प्रश्न तिला विचारू नये, ते उत्तर देण्याचे काम वकिलाचे. ज्यांस वकील परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने विनामूल्य साहाय्य आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तर उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक विधि महाविद्यालयाने विधिसाहाय्य केंद्र चालवावे, असा बार कौन्सिलचा २००८ चा नियम आहे. तेथील विद्यार्थ्यांना खरी प्रकरणे हवी असतात आणि आपणांस वाचणारे डोळे हवे असतात.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. गट क्रमांक, सातबारा, फेरफाराचा उतारा, अधिसूचनेची आणि निवाड्याची तारीख, आणि नोटीस हाती कधी पडली ती तारीख, एवढे बरोबर असावे. सर्वांत आधी संपादन कोणत्या कायद्याखालचे ते पाहावे. १८९४ चा, २०१३ चा, औद्योगिक विकासाचा १९६१ चा, की नगररचनेचा १९६६ चा? एकाची मुदत दुसऱ्यास लावून माणसे फसतात. दोन वर्षांत निवाडा न झाल्यास संपादन व्यपगत होण्याचा १८९४ च्या कायद्यातील नियम नगररचनेच्या संपादनास लागत नाही, हे गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २०११ साली घटनापीठाने ठरवले. तोवर कित्येकांनी त्यावर भिस्त ठेवली होती. प्रश्न एका ओळीत कागदावर लिहून न्यावा. "जमिनीचे बघा जरा" हा प्रश्न नव्हे.

बाहेरच्या वाचकास प्रवेश देण्याचे नियम प्रत्येक महाविद्यालयाचे निराळे असतात. आधी चौकशी करावी, परिचयपत्र न्यावे. जाण्याचा त्रास तर आता उरलेला नाही. पिंपरीहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून गाडी बदलली की नळ स्टॉप, आणि तेथून लॉ कॉलेज रस्ता. चाकणकरांना मात्र अद्याप नाशिक फाट्यापर्यंत बसने यावे लागते; त्यांच्या नशिबी वाहतुकीची कोंडी आहेच.

"हे सर्व आता भ्रमणध्वनीवर मिळते, तेथवर कशाला जावयाचे?" असे तरुण मंडळी विचारतील. मिळते, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले निर्णय संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत, काहींची मराठी भाषांतरेही आहेत. ती अवश्य वाचावीत. परंतु यंत्रास प्रश्न विचारून त्याने दिलेल्या निकालावर विसंबणाऱ्यांनी न्यूयॉर्कची हकीकत ध्यानात ठेवावी. तेथे २०२३ साली दोन वकिलांनी कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने सांगितलेले निकाल न्यायालयापुढे मांडले; ते निकाल कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. ग्रंथपाल निदान खंड उघडून पान तरी दाखवतो.

मंडळास माझी एक विनंती आहे. आपल्या ज्ञातीतील जी मुले-मुली विधि शाखेत शिकत आहेत त्यांची यादी करावी आणि महिन्यातील एका शनिवारी, ज्यांच्या घरी नोटीस आली आहे अशा दोघा-तिघांबरोबर त्यांस ग्रंथालयात पाठवावे. यास फार द्रव्य लागत नाही. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी जमलेल्या निधीतून त्यांचे प्रवासभाडे सहज निघेल.

बाहेर चिटणीसांच्या मेजावर मी एक वही ठेवली आहे. ज्यांची जमीन सांप्रत संपादनात आहे त्यांनी तीत गाव, गट क्रमांक आणि नोटिशीची तारीख लिहावी. २०१३ च्या कायद्याखालीही निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यास निर्देशाच्या अर्जासाठी सहा आठवडेच आहेत. हजर नसलेल्यास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. तेव्हा ज्यांस गेल्या सहा आठवड्यांत कागद आला असेल त्यांनी वहीवर न थांबता, पंगत बसण्यापूर्वीच मला गाठावे; मी पाण्याच्या पिंपाजवळ उभा आहे.